अमल्याचे अमोलसर झाले

शाळेला अनुदान मिळणार अशी बातमी आली त्या दिवशी साऱ्या स्टाफने पेढे खाल्ले. एकट्या अमोलच्या हातातला पेढा तोंडापर्यंत जाईना. कारण साधंच होतं. पेढ्यांचा पुडा पुढे करताना जानराव त्याला म्हणाले होते, "या अमोलसर, बसा न. उभे काहून?"

आता यात बिघडलं काय, असं कुणालाही वाटेल. पुण्याकडच्या माणसाला तर वाटेल की चला, संस्थाचालकाला अखेर शिक्षकाशी बोलायची रीत कळली. पण जानरावांना ओळखणारा कुणीही असता तर त्यानेही तो पेढा हातातच धरून ठेवला असता. हिवरखेडहून आत वळलं की येणाऱ्या त्या गावात जानरावांनी वडिलांच्या नावाने शाळा काढली, आणि तेव्हापासून त्यांनी अमोलला 'अबे अमल्या' याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. वर्गात पालक बसलेले असोत की केंद्रप्रमुख, खिडकीतून आवाज यायचाच, "अबे अमल्या, पोट्टे काहून बोंबलून राहिले बे?" आणि अमोल फळ्याकडे तोंड ठेवूनच सांगायचा, "प्रयोग चालू हाय काका." पोरं खिदळायची, जानराव एक शिवी हासडून पुढे जायचे आणि शाळा सुरळीत चालायची.

जानरावांची तऱ्हाच तशी. ज्याच्यावर त्यांचा जीव असेल त्याच्या सात पिढ्यांचा ते दिवसातून दोनदा उद्धार करत. ज्याच्याशी वाकडं आलं, त्याला 'अहो' म्हणत. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाला कोर्टात खेचलं, तेव्हा त्याची पहिली खूण अशी की एका सकाळी ते त्याला "रामराम साहेब" म्हणाले. ज्या सरपंचाला त्यांनी खुर्चीवरून खाली ओढलं, त्याला आदल्या दिवशी घरी बोलावून स्वतःच्या दुपट्ट्याने खुर्ची पुसून दिली होती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. जानराव 'जी' लावायला लागले की शहाणा माणूस वकील शोधायचा.

शाळा होती विनाअनुदानित. म्हणजे सरकारने ती चालवायची परवानगी दिली आणि शिक्षकांच्या पगाराचं तुमचं तुम्ही पाहा म्हणून हात झटकले. असल्या शाळेत माणूस टिकतो तो एकाच आशेवर, की कधी ना कधी शाळा अनुदानावर जाईल, टप्प्याटप्प्याने का होईना सरकारी पगार सुरू होईल. त्या आशेवर अमोलने बारा वर्षं विज्ञान आणि गणित शिकवलं. सकाळी शाळा, संध्याकाळी तेल्हाऱ्याला शिकवण्या आणि सुट्टीच्या दिवशी भावाच्या कपाशीत डवरणी. लग्न जमवताना मध्यस्थाने रागिणीच्या वडिलांना सांगितलं होतं, "अनुदान आलंच समजा." त्या भल्या माणसाने ते खरं समजून मुलगी दिली.

आणि बारा वर्षांनी ते खरंच आलं होतं. अमरावतीहून तपासणीचं पथक येणार होतं. शाळा जागेवर आहे का, मुलं खरी आहेत का, कोणता शिक्षक कोणता विषय शिकवतो हे सारं ते डोळ्यांनी पाहणार, आणि मग ज्यांची नावं पथक मान्य करेल त्यांचा पगार सुरू होणार. आणि नेमकं आताच जानरावांच्या तोंडातलं 'अबे' गळून पडलं होतं.

घरी येऊन त्याने रागिणीला सांगितलं. ती अंबाडीची भाजी खुडत बसली होती.

"मंग? मान देऊन राहिले तं घ्या न," ती म्हणाली. "बारा वर्सं अबे-तुबे आयकून पोट नाई भरलं का?"

"तुले समजत नाई. काका कोणाले अहो म्हणतात, माईत हाय का?"

"आता तुमी पगारी मास्तर होणार. पगारी माणसाले कोणी अबे म्हणते का? उगाच मनाचे खेळ करू नका."

तिचं म्हणणं बिनतोड होतं. तरी अमोलला ते पटेना.

दुसऱ्या दिवसापासून त्याने कान टवकारले. साहेबी सगळ्यांनाच सुरू झाली असेल तर प्रश्नच नव्हता. माणूस बदलतो, पथक येणार म्हणून तोंडाला वळण लावतो, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण शिपाई पुंजारामला हाक आली ती जुनीच, "अबे पुंजा, घंटी काय तुहा बाप वाजवन?" मराठी शिकवणाऱ्या पंचफुला मॅडमनाही जानराव पूर्वीसारखंच म्हणाले, "ये पोरी, ते खुर्च्या अंदर घे." पुंजा पुंजाच राहिला होता, पोर पोरच राहिली होती. सर तेवढा एकच झाला होता.

अमोलने मग ठरवलं की परीक्षा घ्यायची. माणूस शिक्षक असला की त्याला दुसरं सुचत नाही. सोमवारी तो मुद्दाम प्रार्थना आटोपल्यावर शाळेत आला. जानराव फाटकाजवळच्या निंबाखाली खाटेवर बसले होते. एरवी अशा वेळी "तुह्या बापानं घड्याळ नाई घेऊन देलं का बे?" असं सुरू व्हायचं आणि अमोलचे कैलासवासी वडील पाच-सात मिनिटं त्या खाटेभोवती फिरवले जायचे. अमोल मान खाली घालून उभा राहिला.

"या सर," जानराव म्हणाले. "वाटेत काही तरास तं नाई न झाला?"

"नाई काका," अमोल कसाबसा म्हणाला आणि वर्गात पळाला.

त्याच आठवड्यात नितेश आला. नितेश म्हणजे जानरावांच्या बहिणीचा पोरगा, अकोल्याचा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा आणि खाली फटफट आवाज करणारी गाडी. "पथक येणार हाय, कॉम्प्युटरचं काम लय हाय, म्हणून भाचा जरा मदतीले आला," असं जानरावांनी सगळ्यांना सांगितलं. मदतीला आलेला भाचा कॉम्प्युटरकडे फिरकला नाही. तो ऑफिसात पाय पसरून मोबाइल पाहायचा आणि अधूनमधून आठवीच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभा राहायचा. एकदा त्याने मुलांना विचारलं, "पोट्टेहो, प्रकाशाचा धडा झाला का तुमचा?" कॉम्प्युटरच्या माणसाला प्रकाशाच्या धड्याची काळजी कशाला, हे अमोलला दिवसभर सुचलं नाही. सायकल स्टँडवर गाडी काढताना सुचलं.

नितेशने बी.एस्सी., बी.एड. केलेलं होतं. म्हणजे विषय तोच, जागाही तीच.

तरी माणसाचं मन चिवट असतं. अमोलने आणखी एक परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि या वेळी जानरावांच्या मर्मावरच बोट ठेवलं. शाळेच्या आवारात जानरावांनी संत्र्याची कलमं लावली होती. त्या कलमांना ते स्वतः पाणी घालत. एका पोराने एक पान तोडलं म्हणून त्यांनी अख्ख्या नववीला उन्हात उभं केलं होतं. अमोलने मधल्या सुट्टीत फाटक सताड उघडं ठेवलं आणि वर्गात जाऊन गुरुत्वाकर्षण शिकवायला लागला. बाहेर बकऱ्यांनी त्यांचं काम केलं.

जानराव आले तेव्हा कलमांच्या जागी काड्या उरल्या होत्या. अमोल पायरीवर उभा होता.

"फाटक माह्याच हातून उघडं राहिलं काका," तो म्हणाला.

जानरावांच्या गळ्याची शीर फुगली. कान लाल झाले. ओठ उघडले, आणि 'अ' एवढं अक्षर तर अमोलने डोळ्यांनी पाहिलं. तो देवाची वाट पाहावी तशी पुढच्या 'बे'ची वाट पाहत होता. त्या क्षणी जानरावांनी एक आईवरून शिवी दिली असती तर अमोलने त्यांचे पाय धरले असते. पण जानरावांनी ऑफिसकडे पाहिलं. तिथे नितेशची गाडी उभी होती. त्यांनी आवंढा गिळला.

"जाऊ द्या सर," ते म्हणाले. "मुकं जनावर होय ते."

अमोल तिथेच पायरीवर बसला. आता संशयाला जागा उरली नव्हती, आणि तरीही हातात धरून कुणाला दाखवावं असं काहीच नव्हतं. जाऊन काय सांगणार? संस्थाचालक मला अहो म्हणतात, माझी नोकरी वाचवा? ऐकणाऱ्याने त्याला पाणी पाजून घरी पाठवलं असतं. शाळेचे कागद म्हणावेत, तर ते जानरावांच्या घरचे, लिहिणारेही तेच आणि शिक्का मारणारेही तेच.

त्याने पंचफुला मॅडमना गाठलं. "मॅडम, तुमाले काई माईत हाय का? नितेश कायले आला?"

पंचफुला मॅडमनी वह्यांच्या गठ्ठ्यातून मान वर केली नाही. "मले नाई माईत सर. माह्या वह्या राहिल्या तपासाच्या."

कालपर्यंत ती त्याला अमोलदादा म्हणत होती. पुंजारामचंही तेच. 'अमोलभाऊ' म्हणणारा पुंजाराम आता पाण्याचा ग्लास ठेवून "घ्या सर" म्हणायचा आणि नजर चुकवून सटकायचा. साऱ्या शाळेने मिळून त्याला जणू ओट्यावरच्या उंच खुर्चीत बसवलं होतं आणि कुणी जवळ यायला तयार नव्हतं. अमोलला त्यांचा राग आला, आणि राग येऊनही काही बोलता आलं नाही. पंचफुलाचा नवरा घरी बसून होता. पुंजारामची पोरगी लग्नाला आली होती. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हे त्याने स्वतःला विचारायचं टाळलं.

उरल्या होत्या मैनाबाई. जानरावांची बायको, आणि कागदोपत्री संस्थेची सचिव. त्यांचं सचिवपण चुलीपाशी चालायचं. घर शाळेला लागूनच, त्यामुळे दुपारी अमोलचा डबा नसला की मागच्या दारातून हाक यायची, "अबे अमल्या, जेवला का बे?" मग ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि वर तेलाची धार. त्यांना मूल नव्हतं. हे त्या कधी बोलल्या नाहीत, पण अमोलला टायफॉइड झाला तेव्हा त्याच्या आईच्या, पार्बताबाईच्या, जोडीला बसून त्यांनी त्याच्या कपाळावर घड्या ठेवल्या होत्या.

अनुदानाची बातमी आल्यापासून मागच्या दारातून हाक आली नव्हती. अमोल आपणहून गेला.

"अबे अमल्या, वाळून चालला बे तू," मैनाबाई म्हणाल्या, आणि अमोलच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या ताट वाढायला वळल्या तेवढ्यात आतून जानरावांनी हाक मारली. त्या आत गेल्या. आत काहीतरी दबक्या आवाजात बोलणं झालं. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ताट पुढे ठेवलं आणि चुलीतली राख ओढत बसल्या. अमोल जेवून उठेपर्यंत त्यांनी तोंड वर केलं नाही. बाहेर पडताना त्याला वाटलं, ही बाईही त्यातलीच. तिला सगळं ठाऊक आहे.

पथक येण्याच्या आदल्या दिवशी दुपारी जानराव स्वतः स्टाफरूममध्ये आले. अमोल उठायला लागला तर त्याला खांदा धरून बसवलं.

"सर, उद्या तुमी सुट्टी घ्या," ते म्हणाले. "लय राबले तुमी या शाळेसाठी. सौभाग्यवतीले घेऊन कौंडण्यपूरले जाऊन या. रुक्मिणीमायचं दर्शन घ्या. माही गाडी देतो, डायवर देतो."

"पण काका, पथक…"

"पथकाचं आमी पाहून घेतो न. नितेश हाय, मी हाय. तुमी कायले डोक्याले ताप करून घेता जी?"

'जी'सुद्धा आला. आता बाकी काही उरलं नव्हतं. अमोलने मान हलवली आणि "बरं काका" म्हणाला.

घरी येऊन त्याने हे सांगितल्यावर रागिणीने हातातली कढई खाली ठेवली. इतके दिवस तिने त्याची चेष्टा केली होती, वेड्यात काढलं होतं.

"गाडी देतो म्हणले? डायवरसकट?" तिने विचारलं. "फुकट?"

"हो."

"त्या माणसानं मैनाकाकूले कधी आठवडी बाजारात गाडीनं नाई नेलं." ती उभी राहिली. "तुमी उद्या शाळेत जा. काही झालं तरी जा. अन् गाडी येऊ द्या."

गाडी आली. रागिणीने तीत सासूला, पार्बताबाईला बसवलं, शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बसवलं, दशम्यांची पुरचुंडी दिली आणि ड्रायव्हरला सांगितलं की सर अन् मी मोटरसायकलनं मागून येतो. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला त्या दिवशी तीन म्हाताऱ्या पोचल्या. जानरावांना निरोप मिळाला की गाडी निघाली.

अमोल शाळेत पोचला तेव्हा पथक आलेलं होतं. फाटकाशी पुंजाराम होता. तो अमोलच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि बाजूला झाला. आठवीच्या वर्गातून आवाज येत होता. अमोल दारात जाऊन उभा राहिला. फळ्याजवळ नितेश होता, हातात खडू, फळ्यावर भिंगाची आकृती, तीही उलटी काढलेली, फुगायच्या जागी आत दबलेली. मागच्या बाकावर पथकाचे प्रमुख बसले होते, हरिहर राजंदेकर. बारीक अंगाचे, शांत, दर वाक्य तोलून पुस्तकी मराठीत बोलणारे. त्यांच्या बाजूला जानराव. कोपऱ्यातल्या खुर्चीवर नव्या लुगड्यात अवघडून बसलेल्या मैनाबाई. सचिव म्हणून त्यांना आणून बसवलं होतं. फक्त बसायचं, बोलायचं काही नाही, असं घरूनच बजावून आणलं होतं.

मुलांनी अमोलला पाहिलं आणि सगळा वर्ग उठून उभा राहिला.

"बसा, बसा," राजंदेकर म्हणाले. त्यांनी दाराकडे वळून पाहिलं. "हे कोण?"

जानरावांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला आणि परत आला. मग ते हसले.

"हे होय का? पाहुणे हायेत आमचे. तेल्हाऱ्याचे. या न पाहुणे, बसा."

बारा वर्षं ज्या वर्गात त्याने खडू झिजवला त्या वर्गाच्या दारात अमोल पाहुणा होऊन उभा राहिला. खोटं आहे, असं ओरडायला तोंड उघडलं होतं त्याने. पण राजंदेकरांनी सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि ते पुंजारामने फाटकातून वाट देताना त्याच्या कानात सांगितलं होतं, की गडबड सापडली तर अख्खी शाळा अपात्र. एक शिक्षक नाही, अख्खी शाळा. खिडकीपलीकडे पंचफुला मॅडम उभी होती. तिने पदराचा बोळा तोंडात धरला होता. अमोलने तिच्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

"नमस्कार," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडून तो शब्द ऐकून त्याला स्वतःची किळस आली.

राजंदेकरांनीही हात जोडले आणि ते पुन्हा फळ्याकडे वळणार, तेवढ्यात पुंजारामने चहाचा ट्रे आणला. मैनाबाई उठल्या. त्यांनी पुंजारामच्या हातून ट्रे काढून घेतला. साहेबांकडे गेल्या नाहीत, नवऱ्याकडे गेल्या नाहीत, सरळ दाराशी आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"अबे अमल्या, तू काहून दारात उभा बे? घरचा असून पाहुण्यावानी करून राहिला. घे चहा. अन् हे काय भिंग काढलं तुह्या वर्गात, उलटं? मागच्या दारातून मले दिसे, पोट्ट्यायले मागच्या आठोड्यात तूच शिकोलं न?"

जानराव अर्धवट उठले. "अहो, तुमी बसा न तिकडे," ते बायकोला म्हणाले. लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली होती. त्यांनी बायकोला 'अहो' म्हटलेलं गावाने पहिल्यांदा ऐकलं.

"आली, आली," मैनाबाई म्हणाल्या आणि कपात पडलेली माशी बोटाने काढावी इतक्या सहजपणे ट्रे घेऊन जागेवर जाऊन बसल्या.

राजंदेकरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग बोलले ते पुस्तकी मराठीत नाही.

"अध्यक्षसाहेब, मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. आमच्याकडे पाहुण्याले कोणी बे म्हणत नाई. तुमच्या गावात म्हणतात काय?"

जानराव दुपट्ट्याने कपाळ पुसू लागले.

"पोरं उभी राहिली त्याले पाहून. पाहुण्यासाठी उभी राहिली असतीन, मानलं. पण पाहुण्याचा वर्ग कसा असते?" राजंदेकरांनी चष्मा घातला. "मी अजून काही लिहिलं नाई. पुन्हा एकदा विचारतो, अन् एकदाच विचारतो. हे कोण?"

जानरावांनी भाच्याकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मैनाबाई पदराने ट्रे पुसत होत्या, नको तितका वेळ. शाळा हातची जाईल, की बहिणीचं मन मोडेल, एवढाच हिशेब आता उरला होता, आणि शाळेवर वडिलांचं नाव होतं.

"विज्ञानाचे शिक्षक," ते म्हणाले.

"अन् हे?" राजंदेकरांनी नितेशकडे बोट दाखवलं.

जानरावांनी भाच्याकडे पाहायचं टाळलं. "पाहुणे," ते म्हणाले.

"मग पाहुण्यांना आधी चहा द्या," राजंदेकर म्हणाले आणि बाकावर नीट सरकून बसले. "सर, चालू द्या तुमचा तास."

अमोलने उलटं भिंग पुसून दुसरं काढलं. तेही धड आलं नाही. पण मुलं हसली नाहीत, आणि साहेबांनी त्यावर काही म्हटलं नाही.

शाळा पात्र ठरली. अमोलचं नाव मान्य झालं, पंचफुलाचं झालं, पुंजारामचं झालं. पार्बताबाईंनी रुक्मिणीला नवस केल्यामुळेच हे घडलं अशी त्यांची खात्री होती आणि ती कुणी मोडली नाही. नितेश फटफट करत अकोल्याला गेला. जानराव शाळेत येत, फाटकाशी बसत, आणि अमोल दिसला की "रामराम सर" म्हणत. त्या रामरामात आता काही लपवलेलं नव्हतं. वाकडं आलं होतं, ते उघड होतं, एवढंच. अमोलला त्याचं फारसं दुःख नव्हतं. त्याला एकाच गोष्टीने झोप येत नव्हती. त्या बाईच्या तोंडून ते सहज निघालं, की तिने ठरवून केलं? सहज निघालं असेल तर नशीब. ठरवून केलं असेल तर काय म्हणायचं तिला, आणि कसं फेडायचं?

मागच्या दारातून हाक येत नव्हती. पहिला पगार झाल्यावर तो एक लुगडं घेऊन पुढच्या दाराने गेला, पाहुण्यासारखा. मैनाबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होत्या. त्यांनी लुगड्याकडे पाहिलं, हात लावला नाही.

"काकू, मले एकच सांगा," तो हळू आवाजात म्हणाला. "त्या दिवशी तुमच्या तोंडून चुकून निघालं का?"

सुपातली डाळ दोनदा वर गेली, दोनदा खाली आली.

"मले बोलाचं वळण नाई," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले ठाव हाय. तुह्या काकाले बी ठाव हाय, म्हणून तं त्यानं मले गप बसाले सांगितलं होतं." त्यांनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते. "त्या दिवसापासून ते माह्याशी बोलत नाई. अहो-जाहो करतात. जेवतात, उठतात. तू येत जाऊ नको इथी."

अमोलला गलबलून आलं. आपल्यावर आला तसाच मान या बाईवरही आला होता, आणि तिला राहायचं होतं त्याच घरात. तो खाली बसून तिच्या पायांना हात लावणार, तेवढ्यात आतून जानरावांचा आवाज आला.

"कोण आलं जी बाहेर?"

मैनाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि आवाज चढवून सांगितलं, "कोणी नाई जी. शाळेतले सर हायेत."